प्रयोगशाळा सोलापुरात, वाट दक्षिण कोरियाची

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ संस्थेच्या संशोधन अधिछात्रवृत्तींची संख्या वाढविण्याची मागणी पुढे आली, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रतिप्रश्न सभागृहात केला. त्यावर गदारोळ झाला, निषेध झाले, आणि नेहमीप्रमाणे चार दिवसांत विषय मागे पडला. ‘बार्टी’, ‘सारथी’ व ‘महाज्योती’ या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींवर घालण्यात आलेली प्रत्येकी २०० ची मर्यादा हा त्या वादाचा मूळ मुद्दा होता. तो मात्र उद्गाराच्या धुरळ्यात दिसेनासा झाला. उद्गार अनुदार होता, यात शंका नाही. परंतु प्रश्न म्हणून तो फेकून देण्याजोगा नव्हता. राज्यातील विद्यापीठांत पंचविशी-तिशीतील हजारो तरुण संशोधन करीत आहेत. ते नेमके काय करतात, त्यातून काय निष्पन्न होते आणि पुढे त्यांचे काय होते, याची चौकशी समाजाने करायलाच हवी. योगायोगाची गोष्ट अशी की, त्यांतील एका मोठ्या गटाचे काम अक्षरशः दिवे लावण्याचेच आहे. सौर घट, बॅटऱ्या, सुपरकपॅसिटर, सांडपाण्यातील रंग नष्ट करणारे उत्प्रेरक यांच्यामागे लागलेला हा गट म्हणजे पदार्थरसायनाचे, अर्थात मटेरियल केमिस्ट्रीचे, तरुण संशोधक. त्यांची स्थिती समजून घेण्यासाठी मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांकडे पाहून उपयोग नाही. सोलापूरकडे पाहिले पाहिजे.

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून एकच जिल्हा वेगळा काढून हे विद्यापीठ निर्माण करण्यात आले, आणि एका जिल्ह्याचे विद्यापीठ टिकणार कसे, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली होती. पुढे २०१९ मध्ये त्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामांतर झाले. मात्र येथील पदार्थविज्ञानाची परंपरा विद्यापीठापेक्षा जुनी आहे. शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र सोलापुरात होते, तेव्हापासून तेथे मटेरियल सायन्स शिकविले जात असे. डॉ. एल. पी. देशमुख आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक पद्धतीने बनविलेल्या कॅडमियम सल्फाइड, सेलेनाइड अशा पदार्थांच्या पातळ थरांवरचे शोधनिबंध नव्वदच्या दशकात या केंद्राच्या पत्त्यावरून परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध होत होते. गिरण्यांची धुराडी थंड होत चाललेल्या, चादरी व टॉवेलांच्या गावातून असे काही घडत होते, याची जाणीव खुद्द सोलापूरकरांनाही फारशी नव्हती.

ही परंपरा सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यातच का रुजली, याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर एखाद्या पदार्थाचा केसाहूनही कितीतरी पातळ थर चढवायचा, तर प्रगत देशांतील रूढ मार्ग निर्वात कक्षाचा. त्याला महागडे पंप लागतात, अखंड वीज लागते, देखभालीचा करार लागतो. आपल्या राज्य विद्यापीठांकडे यांपैकी काहीच नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या डॉ. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी रासायनिक स्नानाची पद्धत हाती घेऊन ती कमालीची विकसित केली. बीकरमध्ये धातूचे क्षार घ्यावयाचे, अमोनियाने त्या धातूला जखडून ठेवावयाचे, गंधकाच्या पुरवठ्यासाठी थायोयुरिया घालावयाचा, द्रावण बेताने तापवावयाचे आणि त्यात काचपट्टी उभी सोडावयाची. अभिक्रिया घाईने झाली तर सारा पदार्थ तळाशी साका होऊन बसतो. संथपणे झाली तर काचेवर एकसारखा थर चढतो. सगळे कौशल्य त्या संथपणात आहे. ‘सिलार’ या भावंड पद्धतीत काचपट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवून मध्ये धुऊन घेतात, आणि हे आवर्तन कित्येकदा हाताने, शेकडो वेळा करतात. डॉ. आर. एस. माने आणि डॉ. लोखंडे यांनी या पद्धतींचा घेतलेला विस्तृत आढावा २००० साली ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तो आजही संदर्भासाठी उघडला जातो. गरिबीतून जन्मलेले तंत्र जगाने स्वीकारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. त्याची जेवढी वाखाणणी व्हावयास हवी होती, तेवढी मराठीत झालेली नाही.

परंतु या यशाची दुसरी बाजू आजच्या तरुण संशोधकाच्या वाट्याला आली आहे. बीकरमध्ये थर तयार करणे स्वस्त आहे. तो कशाचा झाला आहे हे पाहणे स्वस्त नाही. स्फटिकरचना पाहावयाची तर क्ष-किरण विवर्तन हवे, पृष्ठभाग पाहावयाचा तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, अणूंची रासायनिक अवस्था पाहावयाची तर ‘एक्सपीएस’ हवे. यांतली काही साधने जवळपास मिळतात. काहींसाठी कोल्हापूरच्या विद्यापीठातील सामायिक सुविधा केंद्राचा, पुण्याचा किंवा थेट मुंबईच्या आयआयटीचा रस्ता धरावा लागतो. सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडावयाची, पिशवीत नावे लिहिलेल्या छोट्या डब्या, दुपारपर्यंत नमुने सुपूर्द करावयाचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. निकाल येईपर्यंत काही आठवडे जातात. निकाल पाहिल्यावर ध्यानात येते की नमुन्यात अशुद्धी राहिली होती, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. सुसज्ज संस्थेतील विद्यार्थी जी चूक सकाळी करून दुपारी सुधारतो, तीच सुधारायला येथे महिना लागतो. चार-पाच वर्षांच्या पीएच.डी.मध्ये असे किती महिने असतात, याचा हिशेब कोणीही करावा. सोलापूरच्या विद्यार्थ्याची बुद्धी कमी नाही, त्याचे प्रयोगाचे आवर्तन लांब आहे. आणि विज्ञानात अखेर आवर्तनांची संख्याच निर्णायक ठरते.

यावर यंत्रे आणून बसविणे हा सरकारी उपाय असतो, आणि यंत्रे येतातही. केंद्राच्या ‘पीएम-उषा’ योजनेत देशातील २६ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये देण्याचे ठरले, हे स्वागतार्हच आहे. मात्र यंत्र चालविणारा कायमस्वरूपी तंत्रज्ञ, सुट्या भागांसाठी दरवर्षीची तरतूद आणि द्रव नायट्रोजनचा नियमित पुरवठा या तीन गोष्टी कोणत्याही उद्‍घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत नसतात. फीत कापल्यानंतर तीन वर्षांनी प्लास्टिकचे आच्छादन घालून ठेवलेले यंत्र आपल्या किती विद्यापीठांत आहे, हे संशोधक विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक असते.

आता पैशाकडे वळू. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्याला २०१४ पासून दरमहा २५ हजार, २०१९ पासून ३१ हजार आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार रुपये मिळू लागले. वरिष्ठ अधिछात्राला ४२ हजार. प्रत्येक वाढीपूर्वी देशभरातील विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले, हा भाग वेगळा. ३७ हजार ही रक्कम सोलापूरसारख्या शहरात नगण्य नव्हे. पण ती नियमित हाती पडत नाही. कित्येक महिन्यांची थकबाकी एकदम जमा होणे ही अनेकांच्या अनुभवाची गोष्ट आहे. आणि मुळात ती मोजक्यांनाच मिळते. राज्य विद्यापीठांतील बहुसंख्य संशोधक विद्यार्थी अशा वृत्तीविना काम करतात. कोणी दुपारपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवितो, कोणी संध्याकाळी बारावीचे वर्ग घेतो, कोणी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबतो आणि मग रात्री प्रयोगशाळेत येतो. ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’च्या अधिछात्रवृत्त्या याच विद्यार्थ्यांसाठी आधार ठरल्या होत्या. शेतकऱ्याचा, विडी कामगाराचा, यंत्रमाग कामगाराचा मुलगा किंवा मुलगी प्रथमच संशोधनात शिरत होती ती या दारातून. त्या दारावर आकड्याची पाटी लावताना शासनाने खर्चाचा विचार केला. प्रयोगशाळेत शिरणारा वर्ग कोणता असेल, याचा केला नाही.

मर्यादित साधने आणि मर्यादित वेळ यांची सांगड अपेक्षांच्या दडपणाशी पडली की काय होते, हे पाहणे या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. विद्यापीठाचे मूल्यांकन, प्राध्यापकाची पदोन्नती, पुढच्या अधिछात्रवृत्तीची निवड, सगळीकडे शोधनिबंधांची संख्या मोजली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ ही मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादीही बंद केली. कागदावर सक्ती गेली. पण कोरियातला किंवा जर्मनीतला प्राध्यापक उमेदवाराचा अर्ज पाहताना प्रथम निबंधच मोजतो, त्यामुळे व्यवहारात फरक पडला नाही.

सुपरकपॅसिटरचे उदाहरण घ्या. विद्युतभार झटपट साठवून झटपट परत देणारे हे साधन. त्यासाठी नवा पदार्थ शोधल्याचा दावा करणारे निबंध आपल्याकडून मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात, आणि त्या प्रत्येकात एका ग्रॅममागे अमुक इतके फॅरड असा एक आकडा असतो. जितका मोठा आकडा, तितके नियतकालिक मोठे. यातली मेख वजनात आहे. रासायनिक स्नानाने चढविलेला थर इतका हलका असतो की, एका चौरस सेंटिमीटरवर कित्येकदा मिलिग्रॅमचा अंशच भरतो. साध्या तराजूची अचूकता एक दशांश मिलिग्रॅमची. चार दशांशऐवजी तीन दशांश वजन नोंदले गेले, तर तेवढ्यानेच आकडा एक तृतीयांशाने फुगतो, आणि यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. शिवाय बाजारातल्या साधनात एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १० मिलिग्रॅम पदार्थ असतो आणि त्याच्यासोबत धातूचा पत्रा, विद्युतद्रावण, वेष्टन यांचे ओझे असते. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन या दोन अग्रगण्य शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात नेमका हाच इशारा दिला होता: पातळ थरावरून मिळालेला ग्रॅममागचा आकडा प्रत्यक्ष साधनाची कामगिरी सांगत नाही. पुढे २०१५ मध्ये आणखी काही तज्ज्ञांनी निकेल, कोबाल्टच्या ज्या संयुगांना सरसकट सुपरकपॅसिटरचे पदार्थ म्हटले जाते, त्यांचे वर्तन वस्तुतः बॅटरीचे असते, असे दाखवून दिले. हे इशारे देऊन दशक उलटले. तरी तोच आकडा, त्याच पद्धतीने, त्याच अभिमानाने छापला जातो.

याचा दोष तरुण संशोधकाच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. जाड थराचे पूर्ण साधन बनवून दहा हजार आवर्तने तपासायची, तर एक वर्ष जाते आणि निबंध एकच निघतो. पातळ थरांवर तेवढ्याच काळात तीन निघतात. ज्याची अधिछात्रवृत्ती संपत आली आहे, ज्याच्या घरी लग्नाची बोलणी आणि बहिणीच्या शिक्षणाचा खर्च एकदमच पुढ्यात आहे, तो तीनचाच मार्ग धरणार. मार्गदर्शकालाही त्यात तोटा नाही. व्यवस्थेने ज्याला गुण द्यायचे ठरविले आहे, तेच पीक येते. उसाला हमीचा भाव आणि ज्वारीला नाही, असे म्हटल्यावर जिल्ह्यात काय घडले, हे सोलापूरकरांना सांगावयास नको.

आणि मग कोरिया. पीएच.डी.चा व्हायवा होतो, पेढे वाटले जातात, आणि काही महिन्यांत फेसबुकवर सोलचे किंवा ग्वांगजूचे बर्फातले छायाचित्र झळकते. कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यातील पदार्थरसायनाच्या पदवीधरांसाठी दक्षिण कोरिया हा जणू पुढचा थांबा झाला आहे. हा योगायोग नव्हे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कोल्हापूरच्या संशोधकांचे सोलमधील ‘किस्ट’ ही राष्ट्रीय संस्था आणि हान्यांग विद्यापीठ यांच्याशी संबंध जुळले. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, कोरियन सरकारने ‘ब्रेन कोरिया २१’ ही योजना सुरू करून तरुण संशोधकांवर भरघोस खर्च करण्यास प्रारंभ केला. तिचा चौथा टप्पा २०२० ते २०२७ असा आखलेला आहे. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, सरकारे बदलली तरी योजना चालूच आहे. कोरिया आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के संशोधनावर खर्च करतो, भारत २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार ०.६४ टक्के. कोरियाला बॅटरी आणि डिस्प्लेच्या उद्योगासाठी प्रयोगशाळेत घट्ट बसून काम करणारे हात हवे होते. आपल्याकडे ते हात तयार होते आणि रिकामे होते. एक गेला, त्याने दुसऱ्याला बोलाविले. गावातून मुंबईच्या गिरणीत जाताना जी साखळी असे, तीच ही.

या स्थलांतराला ‘ब्रेन ड्रेन’ म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. जाणाऱ्यांनी तेथे उत्तम काम केले आहे, काहीजण प्राध्यापक झाले आहेत, आणि त्यांच्यामुळे मागच्यांचे नमुने तेथील यंत्रांवर तपासले जातात, निबंधांत नावे जोडली जातात. पण एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. कोरियात गेलेला संशोधक कोरियाच्या प्रश्नावर काम करतो. त्याचा प्रबंधाचा विषयसुद्धा बहुधा तेथे खपेल असाच निवडलेला असतो. परिणामी सोलापूरच्या प्रयोगशाळेत सोलापूरचा प्रश्न क्वचितच शिरतो.

खरे तर पदार्थरसायनाला हवे असलेले प्रश्न या शहरात पावलोपावली आहेत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल आणि चादरींच्या रंगकामातून निघणारे पाणी पाहा. रंगांचे विघटन करणारे प्रकाश-उत्प्रेरक हा येथील प्रबंधांचा आवडता विषय. पण प्रयोग होतो तो बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात विरघळविलेल्या मिथिलीन ब्लूवर. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि स्वतःहूनही फिका पडतो; त्यामुळे दृश्य प्रकाशात उत्प्रेरकाची परीक्षा घेण्यास तो योग्य नाही, असे अभ्यासकांनी २००६ सालीच दाखविले आहे. रंगशाळेच्या पाण्यात याउलट सुतावर न बसलेला रिअॅक्टिव्ह रंग असतो, त्यासोबत भरपूर मीठ, सोडा, खळ आणि साबण. त्या पाण्यात प्रयोगशाळेतला उत्प्रेरक टाकला की तो बहुधा मान टाकतो, कारण क्षार आणि खळ त्याच्या पृष्ठभागावर ठाण मांडतात आणि गढूळ पाण्यात प्रकाश आत पोहोचत नाही. ‘मान टाकली’ हा निष्कर्ष छापायला कोणतेही नियतकालिक फारसे उत्सुक नसते. वास्तविक त्यातूनच पुढचा खरा प्रश्न सुरू होतो: क्षारांत टिकेल असा उत्प्रेरक कोणता? खळ आधी कशी काढावी? यंत्रमागाच्या लहान कारखानदाराला परवडेल असा खर्च कोणता? या प्रश्नांवर चार वर्षे घालविणारा विद्यार्थी शहराचे मोठे काम करील आणि अर्जात मात्र मागे पडेल.

उन्हाचेही तसेच. सौर घटांची कार्यक्षमता जगभर २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. सोलापुरात मे महिन्यात हवेचेच तापमान चाळिशी ओलांडते आणि पॅनेलचा पृष्ठभाग ६० अंशांपलीकडे जातो. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता दर अंशामागे साधारण ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे भर दुपारी एक सप्तमांश वीज उष्णतेतच गळते. पेरोव्स्काइट नावाच्या नव्या सौर घटांची गोष्ट याहून रंजक आहे. २००९ मध्ये जपानमध्ये त्यांची सुरुवात ३.८ टक्के कार्यक्षमतेने झाली आणि आज ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. अडचण एवढीच की, उष्णता आणि दमट हवा त्यांना सोसत नाही. मे महिन्याचे ऊन आणि जुलैतील आर्द्रता या दोन्ही परीक्षा एकाच गच्चीवर घेता येतील अशी जागा शोधत कोणी परदेशी जाण्याची गरज नाही. इतकेच नव्हे, तर या घटांच्या मूळ रूपात जो मिथाइल अमोनियम लागतो, तो मिथाइल अमाइनपासून बनतो. आणि मिथाइल अमाइनचे उत्पादन करणारी बालाजी अमाइन्स ही देशातील प्रमुख कंपनी मूळ सोलापूरचीच आहे. तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीला तिचा जुना कारखाना आहे, आणि पुणे महामार्गावरच्या चिंचोळी वसाहतीत तिने अलीकडच्या वर्षांत डायमिथाइल कार्बोनेट बनविण्यास सुरुवात केली. लिथियम-आयन बॅटरीच्या विद्युतद्रावणात द्रावक म्हणून हेच रसायन वापरतात. विद्यापीठाचा केगाव येथील परिसरही त्याच महामार्गाला लागून. बॅटरीवर संशोधन करणारा विद्यार्थी मात्र विद्युतद्रावणाची सीलबंद बाटली बहुधा परदेशी कंपनीच्या कॅटलॉगातून मागवितो. बाटली जितकी शुद्ध हवी तितकी स्थानिक माल शुद्ध करता येईल काय, हासुद्धा एक उत्तम प्रबंधविषय आहे. साखर कारखान्यांच्या चिपाडापासून बॅटरीयोग्य कार्बन करण्याचे प्रयोग तेवढे येथे नवे नाहीत. पण तेही कारखान्याच्या आवारापर्यंत पोहोचावयाचे आहेत.

नोकरीचा प्रश्न सर्वांना परिचित आहे, म्हणून थोडक्यात. मे २०२० मध्ये करोनाच्या आर्थिक ओढाताणीत राज्याने नव्या भरतीवर निर्बंध आणले. २०२१ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील २,०८८ सहायक प्राध्यापकपदांना मान्यता मिळाली. रिक्त जागांच्या मानाने ती अपुरीच होती. मधल्या काळात विभागाचा कारभार तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर चालत राहिला. जुलै २०२३ मध्ये आयोगाने सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य नसल्याचे जाहीर केले. नेट-सेट झालेल्यांना दिलासा मिळाला, यात गैर काही नाही. पण आधीच्या नियमावर भरवसा ठेवून पाच वर्षे प्रयोगशाळेत घालविलेल्याच्या पदरी काय पडले? नियम दर दोन-तीन वर्षांनी असे बदलणार असतील, तर पदवीच्या वयात आयुष्याची आखणी करणार कशी?

मुलींच्या बाबतीत हे सारे अधिकच तीव्र होते. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वर्गांत आज मुलींची संख्या लक्षणीय आहे, अनेक ठिकाणी मुलांहून अधिक. पीएच.डी.पर्यंत त्यांतील पुष्कळजणी येतात. गळती होते ती पुढच्या पायरीवर, कारण पोस्ट-डॉक म्हणजे दोन वर्षे ग्वांगजूला किंवा तैवानला एकटीने राहणे. आणि ते वय नेमके लग्नाचे, बाळंतपणाचे मानले गेलेले. खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या ‘वाइज-किरण’ योजनेतून अधिछात्रवृत्त्या आहेत, त्या चांगल्या आहेत. परंतु प्रयोगशाळा जर रात्री आठनंतर चालत असेल आणि केगावहून शहरात परतण्याची सोय नसेल, तर योजनेचे पत्रक कपाटातच राहते. रात्रीची एक बस ही संशोधन धोरणातली बाब आहे, असे आपल्याकडे कोणी मानत नाही.

चित्र सगळेच काळे आहे, असेही नाही. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. आणि १ जानेवारी २०२५ पासून शासकीय संस्थांच्या विद्यार्थ्यांना ती खुली झाली. ज्याला पूर्वी एका निबंधासाठी परदेशस्थ मित्राला ई-मेल करावा लागे, किंवा ज्या आडमार्गांची चर्चा उघडपणे करता येत नाही ते धरावे लागत, त्या सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी हा मोठाच बदल आहे. मात्र विनाअनुदानित खासगी महाविद्यालये त्यात नाहीत, आणि तासिका तत्त्वावरचे अनेक संशोधक तेथेच शिकवितात. वाचनाचा प्रश्न सुटला, छापण्याचा नाही. खुल्या नियतकालिकांचे शुल्क दोन-तीन हजार डॉलर, म्हणजे कित्येक महिन्यांची अधिछात्रवृत्ती. केंद्राच्या नव्या ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ने प्रस्थापित संस्थांच्या जोडीला राज्य विद्यापीठे बांधण्याचा कार्यक्रम आखला आहे. त्यात मोठ्या संस्थेचे यंत्र खरोखर सोलापूरच्या विद्यार्थ्याला वेळेवर मिळते, की त्याचे नाव केवळ प्रस्तावाच्या शोभेसाठी वापरले जाते, यावर त्या कार्यक्रमाचे मूल्य ठरेल.

राज्याच्या हातात जे आहे, ते फार खर्चाचे नाही. प्रबंध सादर केल्यानंतरची दोन वर्षे सर्वांत निसरडी असतात. अधिछात्रवृत्ती संपलेली असते, नोकरी नसते आणि अर्धवट राहिलेले काम मागे सोडवत नाही. या दोन वर्षांसाठी जिल्ह्याच्या प्रश्नाशी बांधलेली पोस्ट-डॉक वृत्ती राज्याने द्यावी. तिचे मूल्यमापन निबंधांच्या संख्येने करू नये. रंगशाळेच्या पाण्याचा, गच्चीवरच्या घटाचा किंवा चिंचोळीच्या द्रावकाचा अहवाल, यशस्वी असो वा अयशस्वी, पुरेसा मानावा. शिवाय प्रत्येक राज्य विद्यापीठात उपकरणे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत, पीएच.डी. झालेल्या रसायनज्ञांना ती सन्मानाची नोकरी वाटेल अशा वेतनात. स्थानिक उद्योजकांनीही बोलावणे येण्याची वाट पाहू नये. रंगकाम करणाऱ्या कारखानदाराने आपल्या सांडपाण्याचे चार डबे विभागात आणून दिले, तरी प्रारंभ होऊ शकतो.

परत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी आजमितीला जो राजमार्ग आहे, तो ‘इन्स्पायर फॅकल्टी’ या केंद्रीय योजनेचा. पाच वर्षे दरमहा सव्वा लाख रुपये आणि वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान ती देते. सर्वसाधारण उमेदवाराला वयाची अट ३२ वर्षांची. म्हणजे कोरियातून परतावयाचे तर वेळेत परतायला हवे. परतलेला संशोधक राज्य विद्यापीठात येतो, एका खोलीत प्रयोगशाळा उभी करतो, दोन-तीन विद्यार्थी हाताखाली घेतो. पाच वर्षे संपतात तेव्हा त्याला सामावून घेण्याचे बंधन यजमान विद्यापीठावर नसते. मंजूर पद रिकामे असले, तरी जाहिरात निघालेली नसते. तो अडतिशीच्या उंबरठ्यावर असतो, त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध अर्ध्यावर असतात, आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे द्यावयाची याबद्दल विभागाची बैठक बोलावली जाते.